जिप्सीचं स्टेअरिंग ५०-६० ला फडफडतं, डँपर बदलला तरी परत येतं : नेमकं कुठं बघायचं

गाडी मस्त ५०-५५ ने चाललीये, एखादा खड्डा लागतो नाहीतर पुलाचा जॉइंट येतो आणि एकदम स्टेअरिंग हातात डावीकडे-उजवीकडे फडफडायला लागतं, पुढची चाकं नाचतात, बोनेट हलतं, बाजूला बसलेला माणूस डॅशबोर्डचा दांडा गच्च धरतो, आणि पार २०-२५ वर आणल्याशिवाय ते काही थांबत नाही. ज्याच्याकडे जुनी जिप्सी आहे त्यातल्या बहुतेकांनी हे कधी ना कधी भोगलंय. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं पुढचं चाकच निखळलं.

माझी गाडी २००६ ची मारुती जिप्सी, १३०० सीसीची एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली), सॉफ्ट टॉप. बरीच वर्षं मोहर्ली गेटवरून ताडोबात सफारीला चालली, आता घरी आणि शेतावर असते. ही फडफड मला तीन सीझन लागोपाठ आली, दर वेळी दुरुस्त केली आणि दर वेळी चार-पाच महिन्यांत परत हजर. शेवटी कारण सापडलं ते अशा जागी की तिकडे कोणी बघतच नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. जिप्सीबद्दल लिहितोय पण पुढं सॉलिड एक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या कुठल्याही जुन्या फोर बाय फोरला यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी एक महत्त्वाचं. फडफड सुरू झाली की करकचून ब्रेक मारू नका आणि स्टेअरिंगशी कुस्ती खेळू नका. घट्ट धरा, एक्सलरेटर सोडा, गाडी आपोआप हळू होऊ द्या, मागं आरशात बघून हळूच कडेला घ्या. वळणावर किंवा ट्रकच्या बाजूला असताना झालं तर हे जीवावर बेतणारं आहे, "जुनी गाडी आहे, थोडं हलणारच" म्हणून तशीच चालवत राहू नका.

सफारीच्या गाडीत हे उशिरा कळतं त्याचं कारण म्हणजे जंगलात स्पीडच २० चा, तिथं काही जाणवत नाही. संध्याकाळी गेट सुटल्यावर चंद्रपूरकडे डांबरी रस्त्याला लागलो की मगच गाडी आपला रंग दाखवायची. त्यामुळे दिवसभर वाटायचं गाडी ठणठणीत आहे.

मी काय काय केलं ते आधी सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्या वेळी टायर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट केलं, थोडं कमी झालं. मग सगळ्यांनी सांगितलं स्टेअरिंग डँपर गेलाय, तो नवीन टाकला, फडफड एकदम बंद! मी खूश. चार महिन्यांनी परत तेच. पुन्हा डँपर, यावेळी महागातला. पुन्हा चार-पाच महिने. तिसऱ्या वेळी टायरॉड एंड आणि ड्रॅग लिंकचे एंड (स्टेअरिंगपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या टोकाचे सांधे) पण बदलून टाकले, डँपर होताच. तरी पावसाळा संपून सीझन सुरू झाला आणि दिवाळीच्या आसपास गाडी परत नाचायला लागली.

डँपरचं काम काय ते नीट समजून घ्या, माझी सगळी चूक तिथंच होती. तो स्टेअरिंगच्या दांड्याला लावलेला एक आडवा शॉकअॅब्सॉर्बर आहे, खड्ड्याचा झटका हातापर्यंत येऊ नये एवढंच त्याचं काम. सगळे सांधे टाइट असले तर जिप्सी डँपरशिवाय सुद्धा सरळ चालली पाहिजे. नवीन डँपर टाकल्यावर फडफड थांबते याचा अर्थ आजार बरा झाला असा नाही, तापावर गोळी दिली एवढंच, आणि आतमधे ढिलाई वाढतच राहते. म्हणून कोणी पहिल्या झटक्यात डँपर बदला म्हणालं तर थांबा, आधी खालच्या तपासण्या करा, यातल्या बहुतेक घरी अंगणात होतात.

सुरुवात टायरपासून. हवा चारही चाकांत बरोबर आहे का, टायरला कुठं फुगा आलाय का, एका बाजूनं जास्त झिजलाय का. पुढची चाकं मागं आणि मागची पुढं टाकून एक चक्कर मारा. फरक पडला तर टायर किंवा बॅलन्सिंग, नाही पडला तर पुढं चला.

मग गाडी जमिनीवरच उभी ठेवून, इंजिन बंद, एकाला स्टेअरिंगवर बसवा आणि त्याला सांगा डावं-उजवं थोडं थोडं हलवत रहा, फार नाही, चार बोटं इकडे चार बोटं तिकडे. तुम्ही खाली झोपा आणि एकेका सांध्यावर बोट ठेवत जा. टायरॉडचे एंड, ड्रॅग लिंकचे एंड, स्टेअरिंग बॉक्सचा आर्म, बॉक्स चेसिसला धरणारे बोल्ट. जिथं दांडा आधी हलतो आणि पुढचा भाग जरा उशिरा हलतो तिथं प्ले आहे, बोटाला टक् असं लागतं. डोळ्याला दिसणार नाही इतका प्ले पण बोटाला कळतो. पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) पण याच वेळी बघून घ्या, स्टेअरिंग हलवताना अख्खा एक्सल बाजूला सरकत असेल तर बुश गेलेत. आणि स्टेअरिंग बॉक्सचा वरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले काढायचा मोह टाळा, जास्त आवळला की स्टेअरिंग मधेच जड होतं आणि वळणावरून आपोआप परत येत नाही.

आता खरी तपासणी. पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर भरोसा ठेवू नका. टायर वर-खाली धरा, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ वाजता काटे असतात तिथं, आणि एक हात ओढा एक हात ढकला. खडखड लागली? आता दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, कारण ब्रेकमुळे हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि नकल (एक्सलच्या टोकाला स्टेअरिंगबरोबर वळणारा भाग) एकमेकांना धरून बसतात. ब्रेक दाबूनही खडखड तशीच राहिली तर प्ले नकलच्या मागं आहे, म्हणजे किंगपिनमधे, ज्या वरच्या-खालच्या खुंट्यांवर नकल वळते. ही एक ट्रिक मला तीन वर्षं आधी कोणी सांगितली असती तर दोन डँपर वाचले असते.

माझ्या गाडीत गंमत अशी की या तपासणीत पण प्ले जवळजवळ नव्हता, कारण मधल्या काळात एका ठिकाणी कोणीतरी किंगपिनच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून तो आवळून ठेवला होता. तेव्हा आमच्या गावाकडचे मिस्त्री काका म्हणाले, "भाऊ, टायरॉड सोडून नकल हातानं फिरवून पहा, मग सांगा मला." टायरॉड सोडला, नकल हातात धरून हळूहळू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवली. बरोबर मधे, चाक सरळ असतं त्या जागी, नकल खट्ट करून एका खाचेत बसत होती, पुढं ढकलली की परत मोकळी. कपाटाच्या दाराचं मॅग्नेट असतं ना, तसं. चांगलं बेअरिंग असेल तर शेवटपर्यंत सारख्याच जोरानं, तुपासारखं फिरतं. अशी खाच लागली की बेअरिंग गेलं म्हणून समजा, मग प्ले असो नसो.

खोललं. कॅलिपर काढून तारेनं पाट्याला बांधला (होजवर लटकत ठेवू नका, होज आतून तुटतो), हब, स्पिंडल, मग शाफ्ट बाहेर, मग मागच्या सीलच्या पट्ट्या, मग वरचा आणि खालचा किंगपिन. खालच्या बेअरिंगचा रेस (रोलर ज्यावर फिरतात ती कडी) रॉकेलनं पुसून काकांनी माझं बोट धरून त्यावर फिरवलं. नखाला बारीक बारीक उभ्या रेघा लागत होत्या, कंगव्यावरून नख फिरवावं तशा. रोलरनी रेसला पाडलेले वळ. किंगपिनचं बेअरिंग चाकाच्या बेअरिंगसारखं गरगर फिरत नाही, ते आयुष्यभर थोडं डावीकडे थोडं उजवीकडे एवढंच करतं आणि बाकी वेळ एकाच जागी बसून खड्ड्यांचे हातोडे खातं. ग्रीस चांगलं असेल तर सहन करतं, नाहीतर असे वळ पडतात. मग चाक सरळ असताना रोलर त्या वळात बसतात, खड्ड्यानं बाहेर उडाले की परत आत, परत बाहेर, आणि तीच फडफड.

इथं बहुतेक लोक बेअरिंग बदलून मोकळे होतात, आणि मीही झालोच असतो. पण काकांनी नकलमधलं ग्रीस बोटावर घेतलं आणि मला वास घ्यायला लावला. ते ग्रीस नव्हतंच. राखाडी, पातळ, ताकासारखं वाहणारं, आणि त्याला गिअर ऑइलचा तो सडक्या अंड्यासारखा उग्र वास. "हे ऑइल इथं कुठून येऊन राहिलं ते पहा आधी, बेअरिंग तर काय, दुकानात भेटते."

नकलमधे ग्रीस असतं आणि डिफरन्शियलमधे (एक्सलवरच्या गिअरच्या गोळ्यात) गिअर ऑइल, दोघांच्या मधे एक्सलच्या नळीच्या टोकाला आतलं ऑइल सील असतं. ते सील गेलं की ऑइल नकलमधे येतं, ग्रीस धुऊन काढतं, बेअरिंग कोरडं पडतं. ठीक, सील बदलू. पण काकांचा पुढचा प्रश्न, सील गेलं कशानं? मी बिलं काढून बघितली तर दोन वर्षांपूर्वी तेच सील बदललेलं होतं. आणि मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक शूवर ऑइल येतं म्हणून मागचं सील पण त्याच वर्षी बदललं होतं. पुढचं पण, मागचं पण.

मग त्यांनी एक्सलवरच्या ब्रीदरकडे बोट दाखवलं. डिफरन्शियलच्या घराच्या वर एक छोटंसं बोंडासारखं असतं, मातीत इतकं लिंपलेलं असतं की ते तिथं आहे हे पण दिसत नाही. काढून बघितलं तर आतमधे लाल मातीचा पक्का बूच, सुकून विटेसारखा झालेला, तारेनं टोचून टोचून काढावा लागला. आता विचार करा, गाडी चालते तसं डिफरन्शियल गरम होतं, आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट फक्त ब्रीदरची, ती बंद. मग हवा दुसरी वाट शोधते आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सीलची रबरी कड. ऑइलला तिथून बाहेर ढकलते. उलट पण होतं, गरम एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं, मग ऑइल दुधाळ, चहासारखं होतं.

म्हणजे ब्रीदर चोक, म्हणून सील लीक, म्हणून ग्रीस धुतलं, म्हणून किंगपिनचं बेअरिंग गेलं, म्हणून स्टेअरिंग फडफडलं, आणि मी वरून डँपर बदलत बसलो. तीन वर्षं. मागचा ब्रेक एका बाजूला ओढायचा त्याची तक्रार मी वेगळी समजत होतो, ती पण हीच.

ब्रीदर बंद आहे का हे ओळखायची सोपी पद्धत सांगतो. २०-२५ किलोमीटर गाडी चालवून आणा, थांबल्याबरोबर डिफरन्शियलचा फिलर बोल्ट हळूहळू सैल करा, तोंड लांब ठेवा. फुस्स करून हवा सुटली तर ब्रीदर बंद आहे. पुढचा आणि मागचा दोन्ही बघा, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणारा डबा) पण ब्रीदर असतात, ते पण. कायमचा इलाज म्हणजे बोंड काढून त्या जागी नळीचं निपल लावायचं, त्याला चांगल्या प्रतीची पेट्रोल होज जोडून ती चेसिसवरून वर नेऊन इंजिनच्या मागं उंच बांधायची, टोक खाली तोंड करून वळवायचं आणि त्यावर छोटा फिल्टर. होज एक्सलबरोबर वर-खाली होते त्यामुळे थोडी सैल सोडा, ताणून बांधली तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात निघून येईल. होज, निपल, क्लिपा मिळून एका डँपरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी खर्च आला, आणि तेव्हापासून माझं एकही सील गेलेलं नाही.

आता नकल परत बांधतानाच्या गोष्टी, कारण घाईत इथंच काम बिघडतं. बेअरिंग बदलाल तर रेससकट बदला, जुना रेस ठेवून नवीन रोलर टाकायचे नाहीत. नवीन रेस ठोकताना सरळ बसला की ठोकण्याचा आवाज बदलतो, बद्द असा येतो, तोपर्यंत चारही बाजूंनी थोडा थोडा ठोका. वरच्या शिम वर आणि खालच्या खाली, आपसात मिसळू नका. सगळं बसवून झाल्यावर टायरॉड न जोडता, मागची सीलं न लावता, टायरॉडच्या भोकात वजन करायचा स्प्रिंगचा काटा अडकवून नकल ओढून बघायची. मी एक ते पावणेदोन किलोच्या मधे ठेवतो. फारच हलकी फिरली तर एक शिम काढा, जड लागली तर एक वाढवा. अंदाजानं "बस झालं टाइट" म्हणून सोडणारे खूप आहेत, पण जास्त आवळलं तर स्टेअरिंग सरळ परत येत नाही आणि नवीन बेअरिंगला पण वळ पडायला वेळ लागत नाही.

आतलं ऑइल सील बसवताना त्याच्या कडेला थोडं ग्रीस लावा. शाफ्ट आत घालताना दोन्ही हातांनी उचलून धरा, त्याचं वजन सीलच्या कडेवर पडू देऊ नका, नवीन सील तिथंच फाटतं आणि तुम्हाला पंधरा दिवसांनी कळतं. शाफ्टवर सील चालतं त्या जागी नख फिरवून बघा, खोल खाच लागली तर कितीही नवीन सील टाका, गळणारच. नकलच्या मागच्या गोळ्यावर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, नाहीतर बाहेरचं सील त्यावर घासून लगेच फाटतं आणि माती आत जाते. शेवटी टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूनं किंचित आत वळलेली असणं) करून घ्या, जिप्सीला २ ते ६ मिलिमीटर. आणि ५०० किलोमीटरनंतर किंगपिनचे वरचे चार आणि खालचे चार बोल्ट आणि व्हील बेअरिंग परत एकदा तपासा, नवीन बेअरिंग थोडं बसतं.

ऑइलमधे भिजलेले ब्रेक शू पेट्रोलनं धुऊन, जाळून परत वापरायचा प्रकार मी केलाय, कामाचा नाही. दोन दिवस पकडतात, गरम झाले की आत मुरलेलं ऑइल परत वर येतं. फेकून द्या, आणि दोन्ही बाजूंचे जोडीनं बदला.

किंगपिन सगळं चांगलं असूनही फडफड असेल तर विचारायचा प्रश्न म्हणजे गाडी उंच केली आहे का. लांब शॅकल लावून पुढून उंच केलेल्या गाड्यांत कॅस्टर कमी होतो, म्हणजे चाकाला स्वतःहून सरळ यायची सवय राहत नाही, आणि अशी गाडी सगळं नवीन टाकलं तरी हलते. तिथं पाट्याखाली तिरप्या पट्ट्या टाकून कॅस्टर परत आणावा लागतो, नाहीतर शॅकल परत ओरिजिनल.

आता फोर व्हीलचं. बरेच लोक म्हणतात लिव्हर ४एच मधे (चारही चाकं ओढतात तो गिअर) पडतो पण पुढची चाकं ओढत नाहीत. पहिल्यांदा हब बघा. लॉक-फ्री फिरवायचे हब (चाक शाफ्टला जोडणारे-सोडणारे) असतील तर दोन्ही बाजूचे पूर्ण लॉकवर पाहिजेत, एक लॉक आणि एक फ्री राहिला तर डिफरन्शियल सगळी ताकद फ्री बाजूला फिरवून वाया घालवतं आणि लॉक असलेलं चाक पण ओढत नाही. महिनोन् महिने न वापरल्यानं आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं आणि डायल फिरली तरी आतला गिअर सरकत नाही. चाक उचलून, गाडी २एच मधे (फक्त मागची चाकं ओढतात), हब लॉक करून चाक हातानं फिरवा, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरला पाहिजे, फ्री केल्यावर थांबला पाहिजे. न फिरला तर हब खोला, रॉकेलनं धुवा, पातळसं ताजं ग्रीस लावा, ठासून भरू नका. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर फोर व्हीलमधे चालवत जा, हबचं, सीलचं, सगळ्याचं भलं होतं. पण डांबरी रस्त्यावर नाही. जिप्सीत मधलं डिफरन्शियल नाही, वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर वेगळं पडतं आणि डांबरावर टायर घसरू शकत नाहीत, मग सगळी गिअर ट्रेन पीळ भरल्यासारखी ताठ होते आणि लिव्हर निघतच नाही. तसं झालं तर लिव्हरला लाथा घालू नका, चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर अलगद येतो.

फोर व्हीलमधे पूर्ण वळण घेतल्यावर पुढून कट् कट् कट् आवाज येत असेल तर शाफ्टच्या टोकाचा जॉइंट झिजलाय, आणि त्याचंही बरेचदा कारण तेच, ग्रीस धुतलं गेलेलं.

क्लच सोडला की खालून धप्प आवाज येतो ही दुसरी नेहमीची तक्रार. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, वेगळी चेसिसवर तीन रबरी माउंटवर बसवलेली असते आणि मधे एक छोटा शाफ्ट. ही रबरं फाटली की केस आपल्या जागी उडते, धप्प वाजतं, आणि चढावर लो मधून लिव्हर आपोआप बाहेर पडतो. लोक लगेच ट्रान्सफर केस खोलायला देतात. आधी पहारीच्या टोकानं केस थोडी उचलून बघा, रबर उघडतंय का. नसेल तर क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या खुणेसारखा सांधा) बघा, शाफ्ट हातानं पिळला की क्रॉसमधे टक टक लागते, आणि क्रॉसच्या टोप्यांतून गंजाची तांबडी पूड बाहेर आलेली असली तर तो क्रॉस ग्रीसशिवाय मेला आहे. क्रॉस बदलताना शाफ्ट सोडायच्या आधी दोन्ही भागांवर खडूनं किंवा पंचनं खूण करा आणि तसाच परत जोडा, नाहीतर नवीन क्रॉस टाकून नवीन कंप विकत घ्याल.

गरम होण्याबद्दल थोडक्यात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, गाडी फर्स्ट-सेकंडमधे रांगते, रेडिएटरला वारा मिळत नाही, आणि जाळीत गवताचं बी आणि धूळ बसून नमदा झालेला असतो. आठवड्याला एकदा मागून पुढं, म्हणजे इंजिनच्या बाजूनं, साध्या पाण्यानं धुवा, प्रेशर जवळून मारू नका, पत्र्या वाकतात. कॅपचं रबर बघा. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला ऐकू नका, खराब असेल तर नवीन बसवा. १३०० चं इंजिन सगळं अॅल्युमिनियमचं आहे, काटा लालमधे गेल्यावर "गेटपर्यंत नेतो" म्हटलं तर हेड वाकतं. गाडी सावलीत बंद करा, पर्यटकांना सांगा, कोणी रागावत नाही.

जुलै ते सप्टेंबर कोअर (ताडोबाचा आतला मुख्य भाग) बंद असायचा आणि गाडी तीन महिने उभी. तेव्हा हँडब्रेक ओढून ठेवायची चूक करू नका, शू ड्रमला चिकटतात, चाकाला दगड लावा. १५ दिवसांनी एकदा इंजिन गरम करून गाडी पुढं-मागं करा आणि क्लच २०-२५ वेळा दाबा, नाहीतर प्लेट फ्लायव्हीलला गंजून बसते.

पार्टचं शेवटी. गाडी १९८५ ला आली, ९७० सीसी इंजिनवाली, १९९३ ला वाइड ट्रॅक, १९९६ ला १३०० चं इंजिन, आणि आता नवीन बनत नाही, त्यामुळे बाजारात एकाच डब्यात असली-नकली सगळं मिळतं. बेअरिंग जिप्सीचं म्हणून मागू नका, जुन्यावर कोरलेला नंबर घ्या आणि बेअरिंगच्या दुकानातून चांगल्या कंपनीचं त्याच नंबरचं घ्या, स्वस्त पडतं आणि टिकतं. सील घेताना जुनं सोबत न्या, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी तिन्ही जुळवा. आणि भंगारातून एक्सल किंवा शाफ्ट उचलत असाल तर ती जुनी अरुंद जिप्सी की वाइड ट्रॅक ते आधी विचारा, वाइड ट्रॅकमधे दोन चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरनं वाढवलंय, शाफ्टची लांबी वेगळी, बाकी दिसायला सेम. टेप घेऊनच जा, आणि मोजून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.